ध्वनिमुद्रणातील पाठभेद : ‘प्रभात’चे द्वैभाषिक संगीत आणि जतनाचा प्रश्न

प्रस्तावना

धुळे येथील इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळ आणि समर्थ वाग्देवता मंदिर या संस्थांनी खानदेशात हस्तलिखित-संग्रहाची परंपरा रुजविली. एकाच ग्रंथाच्या दोन पोथ्या उपलब्ध झाल्यास एक टाकून न देता दोहोंतील पाठभेद नोंदवावे लागतात, हा पोथीसंशोधनाचा मूलभूत नियम होय. ध्वनिमुद्रित संगीताला मात्र हा नियम क्वचितच लावला जातो. एकाच चालीवरील गीत दोन भाषांत असेल तर एक मूळ व दुसरे त्याची नक्कल, असे गृहीत धरले जाते. प्रभात फिल्म कंपनीच्या द्वैभाषिक चित्रपटांच्या आधारे या गृहीतकाची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

द्वैभाषिक निर्मितीची पार्श्वभूमी

१९२९ साली कोल्हापुरात स्थापन झालेल्या प्रभातने १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत सादर केला. त्याचे संगीत गोविंदराव टेंबे यांचे होते. हरिश्चंद्राची भूमिकाही त्यांचीच होती. त्या काळी पार्श्वगायन रूढ नसल्याने नटाला कॅमेऱ्यासमोरच गावे लागे. त्यामुळे दुसरी भाषा म्हणजे दुसरे प्रत्यक्ष गायन होते. मराठी प्रेक्षकवर्गाच्या मर्यादेत खर्च भरून काढणे कठीण असल्याने हिंदी आवृत्ती ही आर्थिक गरजही होती.

ही गरज केवळ मराठीची नव्हती. हंगेरीतील ‘ओमेगा’ या रॉक वाद्यवृंदाने अवकाशाची भव्यता सुचविणारे आपले संगीत मायबोलीबरोबर इंग्रजीतही मुद्रित केले. त्यांची ‘टाइम रॉबर’ ही इंग्रजी तबकडी १९७६ साली पश्चिम जर्मनीत, तर तिची हंगेरियन आवृत्ती १९७७ साली मायदेशी निघाली. तेथे दोन आवृत्त्यांचे श्रोते बव्हंशी वेगळ्या देशांतले होते. मराठी व हिंदी आवृत्त्यांचा श्रोता मात्र पुष्कळदा एकच असे. गुजरात व मध्य प्रदेशाच्या सीमेला लागून असलेल्या खानदेशात हिंदी ही बाजारपेठेची आणि रेल्वेची परिचित भाषा होती.

दोन आवृत्त्या, दोन अर्थ

१९३७ चा ‘कुंकू’ हिंदीत ‘दुनिया न माने’ झाला. दिग्दर्शक व्ही. शांताराम, संगीतकार केशवराव भोळे आणि नायिका शांता आपटे दोन्हींत समान होते. गीतकार मात्र मराठीत शांताराम आठवले, तर हिंदीत मुन्शी अझीज. शीर्षकातील भेद अर्थपूर्ण आहे. मराठी शीर्षक स्त्रीच्या कपाळावरील चिन्हाकडे, तर हिंदी शीर्षक तिला विरोध करणाऱ्या जगाकडे निर्देश करते. या चित्रपटात पार्श्वसंगीत टाळून नैसर्गिक ध्वनींचाच वापर केलेला असल्याने गीतातील शब्दांना अधिकच वजन प्राप्त होते.

१९४१ च्या ‘शेजारी’ व ‘पडोसी’ या चित्रपटांत भेद आणखी ठळक होतो. हिंदू-मुस्लिम मैत्रीच्या या कथेत मिर्झाची भूमिका दोन्हींत गजानन जागीरदार यांनी केली; हिंदू मित्राची भूमिका मराठीत केशवराव दाते यांनी, तर हिंदीत मझहर खान यांनी केली. परिणामी हिंदीत हिंदू नट मुसलमान आणि मुसलमान नट हिंदू झाला. कथेचा आशय पात्रयोजनेतूनच व्यक्त झाला. हा अर्थ केवळ मराठी आवृत्ती पाहणाऱ्यास गवसणे शक्य नाही.

जतन व पुनर्संस्करण

८ जानेवारी २००३ रोजी पुण्यातील फिल्म संस्थेच्या परिसरात नायट्रेट फितींच्या साठ्यास आग लागली. तीत अनेक जुन्या चित्रपटांच्या मूळ फिती नष्ट झाल्या. काहींच्या प्रती अन्य फितींवर घेतलेल्या होत्या. परंतु मूळ फितीत साठलेला ध्वनी-तपशील प्रतीत पूर्णपणे उतरत नाही.

मूळ ध्वनिमुद्रणावर पुन्हा संस्कार करण्याच्या प्रक्रियेस रीमास्टरिंग म्हणतात. तीत खरखर कमी केली जाते, गती दुरुस्त होते. मात्र अतिशुद्धीकरणात आवाजातील सूक्ष्म छटाही पुसल्या जातात. शिवाय ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटेच मावत असल्याने तबकडीवरील गीत आणि चित्रपटातील गीत हेही दोन भिन्न पाठ ठरू शकतात.

खानदेशाच्या संदर्भात या प्रश्नास विशेष महत्त्व आहे. बहिणाबाई चौधरींची गाणी सोपानदेव चौधरींच्या प्रयत्नाने १९५२ साली ग्रंथरूपात आली आणि पुढे इतरांच्या कंठातून ध्वनिमुद्रित झाली. त्यांतील बोलीचे उच्चार गायनात किती टिकले, हे ध्वनिमुद्रणांच्या तुलनेनेच ठरविता येईल. अहिराणी गीतांच्या ध्वनिफितींनाही हेच लागू पडते.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे स्पष्ट होते की, द्वैभाषिक संगीतातील कोणतीही आवृत्ती दुसरीची केवळ नक्कल नसते. महाविद्यालयीन ग्रंथालयांनी प्रत्येक भाषिक आवृत्तीची स्वतंत्र नोंद करावी, मूळ साधन तबकडी की फीत हे नमूद करावे आणि संस्कारित प्रतीबरोबर असंस्कारित प्रतही राखावी. पोथीच्या कोपऱ्यातील अक्षराला जो मान मिळाला, तो तबकडीतील स्वरालाही मिळाला पाहिजे.