प्रबंधाची पोच

गेल्या वैशाखातली गोष्ट. रात्रीचे दहा वाजून गेले होते. अकोल्याच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात कूलर घरघरत होता आणि त्याच्यासमोर माझी भाची मांडीवर संगणक घेऊन बसली होती. अमरावतीच्या एका महाविद्यालयात ती अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होती. पदवीच्या उंबरठ्याशी पोचलेली आमच्या घराण्यातली ही पहिलीच मुलगी. तिचा प्रबंध दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत सादर व्हायचा होता. सादर करायचा म्हणजे कोणाच्या टेबलावर नेऊन ठेवायचा नव्हता. घरी बसूनच पाठवायचा होता.

मी स्वतः मॅट्रिक. शाळेत पोरांना चित्रकला शिकवितो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. प्रबंध नावाची वस्तू माझ्या हातून कधी घडली नाही. त्यामुळे मी नुसता पाहत बसलो होतो.

"मामा, हे घेऊनच नाही राह्यलं," ती म्हणाली. "फाईल मोठी आहे म्हणते."

"मंग आता?"

"परिशिष्ट काढून टाका लागते. सर म्हणे, त्याले मार्क नाहीत."

त्या परिशिष्टात काय होते ते सांगितले पाहिजे. पूर्णेच्या खोऱ्यात, अमरावती, अकोला आणि बुलढाणा ह्या तीन जिल्ह्यांतून, खारपाणपट्टा पसरला आहे. जमीन काळी, कसदार. पण पोटातले पाणी खारे. विहीर खणावी तर पाणी लागते, आणि ते ना धड पिकाला चालते ना माणसाला. अशा मुलखातल्या आपल्या आजोळच्या गावी हिने विहिरीविहिरीचे पाणी बाटल्यांत भरून तपासले, क्षाराचे आकडे काढले आणि त्यांचे तक्ते केले. हा झाला प्रबंध. परंतु तपासता तपासता तिने आणखी एक उद्योग केला. प्रत्येक विहिरीचे जुने नाव काय, ती कोणी खणली, कोणत्या सालापर्यंत तिचे पाणी गोड होते, हे गावच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून त्यांच्याच वऱ्हाडी बोलीत वहीत उतरवून घेतले. ते तिचे परिशिष्ट. वहीच्या पानांची मोबाईलवर छायाचित्रे काढून तिने ती प्रबंधाच्या शेवटी जोडली होती. छायाचित्रे जड असतात. टंकलिखित मजकूर हलका असतो. फाईल फुगली होती ती ह्यामुळे.

"पुन्हा कधी लिहिशील की ते," मी सहज म्हणालो.

"कोणाले विचारू मामा? सारं सांगणारे आजोबा संक्रांतीनंतर गेले ना."

मी गप्प बसलो. आणि गप्प बसल्या बसल्या मला रिद्धपूर आठवले.

वऱ्हाडच्या माणसाला प्रबंधाचा इतिहास सांगायचा झाला तर तो विलायतेपासून सुरू करण्याचे कारण नाही. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरापासून तो सुरू करता येतो. तेराव्या शतकाच्या अखेरीस तेथे म्हाइंभट नावाचा एक विद्वान बसला होता. श्रीचक्रधरस्वामी निघून गेलेले. त्यांच्या आठवणी ज्यांच्याजवळ होत्या ती माणसे ठिकठिकाणी विखुरलेली. म्हाइंभट त्यांच्याकडे गेला, ज्याने जे पाहिले-ऐकले ते त्याच्याकडून विचारून घेतले आणि नागदेवाचार्यांपुढे ठेवून पारखून घेतले. त्यातून लीळाचरित्र उभे राहिले. विषय, साक्षीदार, पडताळा आणि शेवटी गुरूची मान्यता. आजचा विद्यापीठीय प्रबंध ह्याहून वेगळे काय मागतो?

पुढचा भाग मात्र विसरता येत नाही. परंपरा सांगते की मुसलमानी स्वारीच्या धामधुमीत ती मूळ पोथी नष्ट झाली. मग ज्यांना ती पाठ होती त्यांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा करावा लागला. एकाचे स्मरण एक, दुसऱ्याचे दुसरे. त्यातून निरनिराळे पाठ तयार झाले, आणि आजही अभ्यासक ते एकमेकांशी ताडून पाहत असतात. बुलढाणा जिल्ह्यात जन्मलेले, पुढे नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू झालेले डॉ. वि. भि. कोलते ह्यांनी आयुष्याचा मोठा भाग महानुभावांच्या वाङ्मयात घालविला. त्यांनी संपादिलेले लीळाचरित्र १९७८ साली प्रसिद्ध झाले. एका प्रतीच्या नाशाचे देणे सहाशे वर्षांनंतरही फेडावे लागत होते.

इंग्रजी अमदानीत विद्या परीक्षेच्या वाटेने येऊ लागली आणि परीक्षेचे दार दूर गेले. मध्यप्रांत-वऱ्हाडातली महाविद्यालये आधी कलकत्त्याच्या आणि मग अलाहाबादच्या विद्यापीठाला जोडलेली होती. १९२३ साली नागपूर विद्यापीठ निघाले आणि त्याच वर्षी अमरावतीला किंग एडवर्ड कॉलेज सुरू झाले. तेच पुढचे विदर्भ महाविद्यालय. अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावचा एक शेतकऱ्याचा मुलगा तर प्रबंध घेऊन थेट ऑक्सफर्डला पोचला. वेदवाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास हा त्याचा विषय. तो ग्रंथरूपाने १९३३ साली प्रसिद्ध झाला. पुढे भारताचे कृषिमंत्री झालेले डॉ. पंजाबराव देशमुख ते हेच. त्यांच्या नावाचे कृषी विद्यापीठ अकोल्यात १९६९ साली स्थापन झाले.

अमरावतीला स्वतंत्र विद्यापीठ मिळाले ते १ मे १९८३ रोजी. तोवर वऱ्हाडातला प्रबंध नागपूरला जाई. माझे एक गुरुजी त्या काळची हकीकत रंगवून सांगत. कचेरीबाहेरच्या टंकलेखकाकडे रोज संध्याकाळी जाऊन बसायचे. तो कागदांच्या मध्ये कार्बन घालून एका ठोक्यात चार प्रती काढी. चौथी प्रत इतकी पुसट की वाचणाराने मनानेच अक्षरे भरावीत. एक चूक झाली की चारही प्रतींवर खोडरबर. मग काळ्या कापडाची बांधणी, तिच्यावर सोनेरी अक्षरे. गुरुजी ते गाठोडे मांडीवर घेऊन अकोल्याहून पॅसेंजरने निघाले आणि बडनेऱ्याला चहा प्यायलासुद्धा उतरले नाहीत. नागपूरला कारकुनाने गाठोडे घेतले, रजिस्टरात नोंद केली आणि शिक्का मारलेली चिठ्ठी हातावर ठेवली. ती पोच गुरुजींनी शेवटपर्यंत गीतेच्या पुस्तकात ठेवली होती. प्रबंधाचे पुढे काय झाले, असे मी एकदा विचारले. ते म्हणाले, "एक प्रत माझ्याजवळ आहे. बाकीच्यांचे देव जाणे."

ह्या "देव जाणे"ला उत्तर शोधण्याचा उद्योग जगात तीसेक वर्षांपूर्वी सुरू झाला. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक ह्या विद्यापीठाने १९९७ पासून प्रबंध संगणकावरूनच सादर करण्याचा नियम केला. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ साली एम.फिल. आणि पीएच.डी.च्या प्रबंधांची संगणकीय प्रत देणे आवश्यक केले. ह्या प्रबंधांच्या भांडाराला "शोधगंगा" असे सुरेख नाव मिळाले. गांधीनगरचे इन्फ्लिबनेट केंद्र ते सांभाळते. कृषी विद्यापीठांच्या प्रबंधांसाठी "कृषिकोष" आहे. आता अकोल्यात कापसावर किंवा तुरीवर झालेले संशोधन आसामातला विद्यार्थी घरबसल्या वाचू शकतो. ह्याला मी लहान गोष्ट म्हणणार नाही. रिद्धपूरच्या त्या पोथीला असे भांडार लाभते तर!

पण गंगेत उतरायलाही घाट लागतो, आणि ह्या गंगेचा घाट संशोधन-पदवीवाल्यांसाठी बांधलेला आहे. पदवीच्या मुलामुलींचे लेखन "प्रोजेक्ट" ह्या नावाने महाविद्यालयाकडे जाते, गुण पडतात आणि त्याचे काम संपते. पूर्वी बांधीव प्रती कपाटांत साठत आणि कपाटे भरली की रद्दीत जात. आता कपाटही नाही.

हा प्रश्न पुढे मोठा होणार आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने चार वर्षांची पदवी आणली. अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्याप्रमाणे पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्याला चौथ्या वर्षी संशोधन घेता येते आणि त्याच्या प्रबंधाला १२ श्रेयांक आहेत. म्हणजे गावोगावच्या महाविद्यालयांतली विशीतली पोरे प्रबंध लिहू लागणार. ती काही वेदवाङ्मयावर लिहिणार नाहीत. आपल्या गावच्या विहिरीवर, आठवडी बाजारावर, बंद पडलेल्या जिनिंगवर, आजीच्या ओव्यांवर लिहितील. मोठे विद्वान ज्या गल्लीत कधी शिरत नाहीत तिथला इतिहास ह्या पोरांच्या वह्यांत उतरेल. तो कोठे ठेवायचा?

त्या रात्री मात्र आमच्यापुढे एवढाच प्रश्न होता की परिशिष्ट काढायचे की ठेवायचे. मी म्हणालो, "काढायचं नाही. टाईप करू." ती म्हणाली की ते टाईप केलेले आहेच; गावाजवळच्या झेरॉक्सवाल्याने करून दिले होते. तिने ती फाईल उघडून दाखविली. पडद्यावर इंग्रजी अक्षरे, कंस आणि टिंबे ह्यांचा नुसता कचरा! हे कसे झाले ते तिने मला समजावून दिले. जुन्या मराठी टंकात "क"च्या जागी यंत्र आत काहीतरी इंग्रजी अक्षरच साठविते, फक्त वर चेहरा "क"चा चढविते. तो टंक ज्या संगणकात नाही तिथे मुखवटा गळून पडतो. युनिकोडमध्ये "क" हा आतूनही "क"च असतो, म्हणून तो कोठेही वाचता येतो आणि शोधताही येतो.

मला हसू आले. महानुभावांनी आपल्या पोथ्या सकळ लिपीत लिहिल्या. एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत बाहेरच्या माणसाला तिची किल्ली सापडली नव्हती. त्यांनी ते समजून उमजून केले होते. आपण मात्र नकळतच आपल्या भाषेला सकळ लिपीत कोंडून ठेवले आहे. आणि झेरॉक्सचे दुकान बंद झाले की किल्ली द्यायलाही कोणी नाही.

मग आम्ही दोघे बसलो. ती वही वाचून दाखवी आणि मी मोबाईलवर युनिकोडमध्ये टंकित करी. मध्येच ती थांबून एखादा शब्द विचारी. मी माझ्या आईला उठवून विचारी. आई अर्धवट झोपेत दोन शब्द जास्तीचेच सांगे. पहाटे चारला सारी पाने उतरली. फाईल इतकी हलकी झाली की मलाच विश्वास बसेना. सकाळी एकदा सही केलेल्या प्रमाणपत्राचे पान उलटे चढले. दुपारी वीज गेली. एकदा सारे भरून झाल्यावर यंत्राने पुन्हा पहिल्यापासून परवलीचा शब्द मागितला. साडेतीनच्या सुमारास पडद्यावर हिरवी खूण उमटली आणि तिच्याखाली एक लांबलचक क्रमांक.

"हे काय?" मी विचारले.

"पोच, मामा."

चार दिवसांनी मी तिच्याबरोबर अमरावतीला गेलो आणि तेथल्या एका भल्या कारकुनाला विचारले की हे सारे पुढे कोठे राहते? तो म्हणाला, "निकाल लागेपर्यंत राहते. मग पुढच्या वर्षीच्यांसाठी जागा करावी लागते." त्या माणसाचा दोष नव्हता. त्याला घ्यायला सांगितले होते, जपायला कोणी सांगितलेच नव्हते.

सादर करणे आणि जपणे ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या दिवशी कळले. मुंगीच्या पावलांनी का होईना, यंत्राने पहिली गोष्ट सोपी केली आहे. गुरुजींची रेल्वे, टंकलेखक, सोनेरी अक्षरे ह्यांसाठी मी अश्रू ढाळणार नाही. गरिबाच्या पोरीचे ते पैसे वाचले. पण ज्या यंत्राला प्रबंध घेता येतो त्याला तो ठेवताही येतो, आणि पदवीच्या पोरांचे मराठी लेखन तर आता भाराने इतके हलके आहे की जागेची सबब चालू नये. आज रिद्धपूरलाच मराठी भाषेचे विद्यापीठ उभे राहिले आहे. अमरावतीच्या विद्यापीठाला संत गाडगेबाबांचे नाव आहे. शाळेचे तोंड न पाहिलेल्या त्या महापुरुषाने जन्मभर लोकांना सांगितले की पोटाला चिमटा घ्या पण पोरांना शिकवा. शिकलेल्या पोरांनी लिहिलेले कागद सांभाळणे हे त्याच सांगण्याचे पुढचे पाऊल नाही काय?

विद्यापीठे ते मनावर घेतील तेव्हा घेतील. तोवर मी माझ्यापुरती व्यवस्था केली आहे. भाचीच्या प्रबंधाच्या तीन प्रती छापून घेतल्या, परिशिष्टासकट. एक माझ्या शाळेच्या कपाटात आहे, एक तिच्या आजोळच्या ग्रामपंचायतीत, आणि तिसरी आम्ही त्या गेलेल्या आजोबांच्या घरी नेऊन दिली. त्यांच्या सुनेने पाने उलटली, सासऱ्याचे नाव जिथे छापले होते तिथे बोट ठेवले आणि पुस्तक देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात ठेवून दिले.