वलंदेजांचे वेंगुर्ले : मध्ययुगीन साधनांतील एका स्थलनामाचा विचार

१

दक्षिण कोकणच्या सतराव्या शतकाची साधने पाच-सहा भाषांत विखुरलेली आहेत, ही गोष्ट मध्ययुगीन इतिहासाच्या अभ्यासकांस नवी नाही. मोडी लिपीतील मराठी कागद, विजापूर दरबाराची फारसी फर्माने, गोव्याच्या दप्तरातील पोर्तुगीज पत्रव्यवहार, राजापूर व कारवार येथील इंग्रज वखारींची पत्रे आणि वेंगुर्ल्याच्या डच वखारीतून बटेव्हियास गेलेले वृत्तान्त अशी ही सामग्री आहे. हे सर्व मूळ कागद एकट्याने वाचू शकेल असा अभ्यासक विरळा. म्हणून आपण अनुवादांवर विसंबतो, आणि तसे विसंबण्यात गैर काही नाही. मात्र अनुवाद हातोहात पुढे जात असता त्यांतून काय गळून पडते याचा हिशेब आपण ठेवीत नाही.

प्रस्तुत निबंधात मांडावयाचा मुद्दा मर्यादित आहे. परकीयांच्या कागदांत आपल्या गावांची नावे विकृत होऊन येतात असे समजून आपण ती दुरुस्त करतो. या दुरुस्तीने वाचकाची सोय होते हे खरे. परंतु तिने काही पुरावाही पुसला जातो. वेंगुर्ले या एका नावाच्या आधारे तो पुरावा कोणत्या प्रकारचा असतो हे दाखविण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

२

प्रथम थोडी पार्श्वभूमी. डच ईस्ट इंडिया कंपनीने १६३७ च्या सुमारास मुहम्मद आदिलशहाकडून परवानगी मिळवून वेंगुर्ल्यास वखार घातली. व्यापाराइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, त्यांचा हेतू लष्करी होता. गोव्याच्या नाकेबंदीसाठी जी आरमारे येत, त्यांना पाणी, तांदूळ व ताजी बातमी पुरविणारे ठाणे त्यांना हवे होते, आणि त्यासाठी गोव्याच्या उत्तरेस एवढे सोयीचे दुसरे बंदर नव्हते. १६४८ मध्ये फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निये येथे येऊन गेला. डच जहाजे येथे पाणी व धान्य घेत याची त्याने नोंद केली आहे. शतकाच्या शेवटच्या दशकापर्यंत ही वखार या ना त्या अवस्थेत टिकून होती. तिची पडझड झालेली वास्तू गावात आजही दाखवितात.

या अर्धशतकात दक्षिण कोकणात आदिलशाही, शिवाजी महाराज, वाडीचे सावंत, पोर्तुगीज आणि मोगल यांचे संबंध सतत पालटत होते, आणि वेंगुर्ल्याची वखार या सर्वांच्या मधोमध होती. तेथील प्रमुखाने लिहिलेल्या पत्रांचा सारांश बटेव्हियाच्या दैनिक नोंदवहीत उतरे. १६२४ ते १६८२ या काळाच्या उपलब्ध नोंदवह्या १८८७ ते १९३१ च्या दरम्यान ३१ खंडांत छापून निघाल्या. शिवराज्याभिषेकाची वार्ता वेंगुर्ल्याचा प्रमुख आब्राहाम लेफेबर याने ऑक्टोबर १६७४ मध्ये बटेव्हियास कळविली, हे अभ्यासकांस ठाऊकच आहे.

३

हे साहित्य मराठी इतिहासाच्या कक्षेत आले ते काही व्यक्तींच्या परिश्रमांमुळे. मूळ अस्सल कागदावाचून इतिहास नाही, हा दंडक वि. का. राजवाडे यांनी घालून दिला आणि १९१० मध्ये स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने तो रूढ केला. राजवाडे इतिहासाचे जितके, तितकेच भाषेचे अभ्यासक होते, आणि शब्दाचे रूप हाही एक कागदच होय अशा वृत्तीने ते स्थलनामांकडे पाहत. त्यांच्या सर्व व्युत्पत्ती आज टिकत नाहीत; ती वृत्ती मात्र टिकावयास हवी होती. पुढे पुण्याच्या शिवचरित्र कार्यालयाने १९३१ मध्ये शिवकालीन इंग्रजी पत्रांचा संग्रह प्रसिद्ध केला. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. बाळकृष्ण यांनी आपल्या शिवचरित्रात डच कागदांचा मोठ्या प्रमाणावर उपयोग केला. गोव्यात पांडुरंग पिसुर्लेकर यांनी १९३० पासून सुमारे तीन दशके तेथील दप्तरखाना सांभाळला. त्यांचा ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हा मराठी ग्रंथ पुणे विद्यापीठाने १९६७ मध्ये प्रसिद्ध केला.

पिसुर्लेकरांचे उदाहरण विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. मराठी आणि पोर्तुगीज या दोन्ही बाजूंचे कागद एकाच माणसाच्या डोळ्यांखालून गेल्यामुळे नावांची ओळख पटविण्याचे काम त्यांच्या हातून निश्चितपणे होऊ शकले. पोर्तुगीज कागदांत ‘बोंसुलो’ येतो तो बहुधा वाडीचा सावंत-भोसले, साताऱ्याचा भोसले नव्हे. ‘केमा सावंतो’ म्हणजे खेम सावंत. ही साधी वाटणारी ओळख चुकली तर एका घराण्याचा तह दुसऱ्याच्या नावे जमा होतो. डच कागदांच्या बाबतीत असा दोन्ही तीरांवर उभा असलेला अभ्यासक आपणांस लाभला नाही. हे साहित्य आपल्याकडे प्रामुख्याने इंग्रजीच्या वाटेने आले.

या वाटेवर शब्दांचे अर्थही निसटतात. डच कागदांतील ‘कोपमान’ याचा मराठीत ‘व्यापारी’ असा अनुवाद होतो. वस्तुतः ती कंपनीच्या नोकरीतील एक पायरी आहे. तिच्या खाली ‘ओंडरकोपमान’ आणि वर ‘ओपरकोपमान’ असे. ‘वेंगुर्ल्याचा एक व्यापारी’ असे वाचणाऱ्या विद्यार्थ्यास हा गावातील शेटजी वाटला तर दोष त्याचा नाही. इंग्रजी ‘फॅक्टरी’चा कोठे कोठे ‘कारखाना’ झालेलाही आढळतो. त्यासाठी आपल्या जुन्या भाषेत ‘वखार’ हा नेमका शब्द असताना. तिथींचेही तेच. डच व पोर्तुगीज नवी गणना पाळीत, इंग्रज १७५२ पर्यंत जुनी. सतराव्या शतकात दोहोंत दहा दिवसांचे अंतर पडते. शके १५९६ च्या ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीस आपण ६ जून म्हणतो ते जुन्या गणनेने. डच लेखकाच्या दिनदर्शिकेत तो १६ जून होता. राजापूरचे पत्र आणि वेंगुर्ल्याचे पत्र शेजारी ठेवताना हे अंतर विसरले तर बातमी घटनेच्या आधी पोहोचते.

४

आता मूळ मुद्द्याकडे वळू. डच कागदांत गावाचे नाव ‘विंगुर्ला’ असे येते. एकोणिसाव्या शतकातील इंग्रज ‘व्हिंगोर्ला’ लिहितात. ताव्हेर्नियेच्या ग्रंथात तेच नाव ‘मिंग्रेला’ होते. आद्य व-काराचा म-कार पुढील अनुनासिकाच्या सान्निध्याने होणे अशक्य नाही. शिवाय कॉकेशसजवळील मिंग्रेलिया हा प्रदेश त्या काळच्या फ्रेंच वाचकास परिचित होता. ओळखीच्या नावाने अनोळखी नावास आपल्याकडे ओढून घेतले असणे संभवनीय आहे. हे सर्व रूपभेद विकृती म्हणून बाजूस ठेविले तरी एक गोष्ट उरतेच. तिन्ही रूपांच्या अंती आ-कार आहे, ए-कार नाही.

मराठी लेखनात हे नाव नपुंसकलिंगी, ‘वेंगुर्लें’ असे होते. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनंतर त्यावरील अनुस्वार गेला. परंतु स्थानिक मालवणी बोलीत नपुंसकलिंगी एकवचनाचा प्रत्यय ‘-आं’ आहे. मराठीत केळे, माझे, झाले. गोव्याच्या कोंकणीत केळें, म्हजें, जालें. मालवणीत केळां, माझां, झालां. वेंगुर्ल्याचा माणूस आपल्या गावास ‘वेंगुर्लां’ म्हणतो. मग परकीयांचा अंत्य आ-कार हा कानांचा दोष, की उलट कानांच्या अचूकपणाचा पुरावा?

हा तर्क आकर्षक आहे, म्हणूनच त्याची परीक्षा कसून व्हावयास हवी. त्याला अनुकूल एक गोष्ट अशी की, तेरेखोल नदीच्या पलीकडील पेडणे हे गाव पोर्तुगीज लेखनात ‘पेर्नें’ असे, अंती सानुनासिक ए-कारासह येते. म्हणजे ‘-एं’ ऐकू आला तर युरोपीय लेखक तो लिहू शकत असे. प्रतिकूल गोष्टी दोन आहेत. पहिली, ठाणे आणि पुणे यांचीही जुनी परकीय रूपे ‘ठाना’, ‘पूना’ अशी आकारान्तच आहेत, आणि तेथे मालवणीचा संबंध नाही. तेथील बोलींतही ‘ठाणं’, ‘पुणं’ असा ए-काराहून वेगळा उच्चार आहे, असे यावर म्हणता येईल. दुसरी हरकत अधिक बळकट आहे. फारसी लेखनात अशा नावांच्या अंती ‘हे’ हे अक्षर लिहून आ-कारासारखा स्वर दर्शवीत. डचांची परवानगी विजापूरहून आली आणि विजापूरचे दप्तर फारसी होते. तेव्हा ‘विंगुर्ला’ हे रूप गावकऱ्याच्या तोंडून ऐकलेले आहे, की फर्मानातून उचललेले, हे एका नावावरून सांगता येणार नाही.

निर्णयाचा मार्ग मात्र उपलब्ध आहे. फर्मानांत येण्याचे कारण नाही अशी लहान गावे, खाड्या व वाड्या डच पत्रांत जेथे जेथे उल्लेखिल्या असतील, त्यांतील नपुंसकलिंगी नावांचे अंत्य स्वर गोळा करावे. तीही बहुसंख्येने आकारान्त निघाली, तर सतराव्या शतकातील मालवणीचा एक लिखित साक्षीदार आपल्या हाती येईल. ती ‘-एं’कडे झुकली, तर त्या वेळची बोली आजच्याहून निराळी होती, अथवा डचांचे दुभाषे गोव्याकडील होते, असे अनुमान करावे लागेल. दुसरा पर्याय कल्पित नव्हे. या किनाऱ्यावर परक्यांशी बोलण्याची सामायिक भाषा पोर्तुगीज होती. डचांना मराठी कागदांत ‘वलंदेज’ म्हटले आहे. हा शब्दही डच नसून पोर्तुगीज ‘ओलांदेझ’वरून आलेला आहे. पोर्तुगिजांच्या शत्रूचे नावसुद्धा आपण पोर्तुगिजांकडूनच घेतले. दोहोंपैकी कोणताही निष्कर्ष निघाला तरी तो केवळ भाषेचा राहणार नाही. वखारीत बातमी कोणाच्या तोंडून पोहोचत होती हे त्यातून कळेल, आणि त्या बातमीवर किती विसंबावे हा तर इतिहासकाराचाच प्रश्न आहे.

५

येथे एक कबुली देणे प्राप्त आहे. विद्यार्थिदशेत प्रस्तुत लेखकाने या साधनांच्या छापील अनुवादांवरून बरीच टिपणे केली होती. वाचनाच्या सोयीसाठी प्रत्येक ठिकाणी मूळ रूप गाळून आजचे शुद्ध नाव लिहावयाचे, असा नियम तेव्हा स्वतःस घालून घेतला होता. पुढे भाषाशास्त्राकडे वळल्यावर तीच टिपणे पुन्हा काढली, तेव्हा वरील प्रश्नाच्या दृष्टीने त्यांचा काडीचाही उपयोग नाही असे ध्यानात आले. सर्व गावे शुद्ध होती आणि पुरावा नाहीसा झाला होता.

असे टिपण एका विद्यार्थ्याचे असते तोवर हानी थोडी. परंतु आज परिस्थिती पालटत आहे. हेग येथील राष्ट्रीय अभिलेखागारातील डच कंपनीच्या दप्तराचा मोठा भाग संगणकावर कोणासही पाहता येतो. ॲमस्टरडॅमच्या हायगेन्स संस्थेच्या ‘ग्लोबलाइज’ प्रकल्पाने त्यांतील सुमारे ५० लाख पृष्ठांचे हस्ताक्षर यंत्राच्या साह्याने वाचून घेतले आहे. जे पाहण्यासाठी पूर्वी समुद्र ओलांडावा लागे ते आज वेंगुर्ल्यात बसून पाहता येते. तथापि त्या राशीत शोध घ्यावयाचा तो नावावरून, आणि ‘वेंगुर्ले’ असे शुद्ध रूप घेऊन शोधणाऱ्यास तेथे काहीही सापडणार नाही. ज्याला रूपभेद ठाऊक, त्यालाच दप्तर उघडेल. हे रूपभेद ओळखण्याचे ज्ञान मालवणी व कोंकणी बोलणाऱ्या, मोडी वाचणाऱ्या अभ्यासकांपाशी आहे. ॲमस्टरडॅममधील संपादकांपाशी ते असण्याची अपेक्षा करणे रास्त नव्हे. आपण हे काम केले नाही तर ते होणार नाही, किंवा अर्धवट होईल आणि मग तेच प्रमाण मानले जाईल.

म्हणून दोन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, इतिहास व भाषाशास्त्र या विभागांनी मिळून दक्षिण कोकणातील स्थलनामांचा व व्यक्तिनामांचा कोश हाती घ्यावा. त्यात प्रत्येक नावाचे मोडी, फारसी, पोर्तुगीज, डच व इंग्रजी कागदांतील रूप मूळ अक्षरांत, कागदाच्या तारखेसह आणि स्थानिक उच्चारासह नोंदावे. पिंगुळकरांच्या सावंतवाडीच्या इतिहासात येणारी नावे घेऊन आरंभ करता येईल. दुसरी, पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्याने मोडीबरोबर एक युरोपीय भाषा निदान कागद चाळण्यापुरती शिकावी आणि टिपण करताना मूळ रूप व आजचे रूप अशी दोन्ही लिहावी. या दुसऱ्या सूचनेस अनुदान लागत नाही. टिपणवहीत एक रकाना अधिक आखावा लागतो.

राजवाड्यांच्या पिढीने गावोगाव हिंडून रुमाल वाचविले. आपल्या पिढीवर तसा प्रसंग नाही. रुमाल सुरक्षित आहेत, किंबहुना घरी येऊन पडले आहेत. त्यांतील ‘विंगुर्ला’ खोडून ‘वेंगुर्ले’ करण्यापूर्वी हे रूप कोणी, कोणाकडून ऐकून लिहिले एवढे विचारण्याची सवय आपण लावून घेतली, तरी पुष्कळ साधेल.