विझलेल्या माळेतली वीज

सण जवळ आला की माळ्यावरची खोकी खाली येतात. गेल्या वर्षी घाईघाईनं गुंडाळलेली दिव्यांची माळ गुंता होऊन बाहेर निघते. कुणीतरी ती फरशीवर पसरतं, पिन बोर्डात खोचतं आणि घर श्वास रोखून बघतं. पेटली तर टाळ्या. नाही पेटली तर एकेक बल्ब हलवून बघायचा खेळ सुरू. या खेळात तेरा वर्षांचा असताना मी मरता मरता वाचलो. म्हणून आज या माळेची गोष्ट सांगतो.

तिचा जन्म नाताळच्या झाडावर झाला. युरोप-अमेरिकेत पूर्वी या झाडाच्या फांद्यांवर जळत्या मेणबत्त्या लावत. तोडून आणलेलं झाड दिवसेंदिवस वाळत जाई, आणि शेजारी पाण्याची बादली भरून ठेवावी लागे. 4 सप्टेंबर 1882 रोजी न्यूयॉर्कमध्ये एडिसनचं पर्ल स्ट्रीटवरचं वीजघर सुरू झालं. त्याच वर्षी 22 डिसेंबरला एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन यानं आपल्या घरातलं झाड 80 विजेच्या दिव्यांनी सजवलं. लाल, पांढरे, निळे, अक्रोडाएवढे दिवे! झाड स्वतःभोवती फिरत होतं. ज्योत नाही, धूर नाही. आगीचं भय सरलं असंच बघणाऱ्यांना वाटलं असेल.

योगायोग असा की त्याच 1882 साली मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटात विजेचे दिवे लागले. ते दिवे लावणारी कंपनी फार टिकली नाही. पुढं 1905 साली मुंबईला वीज आणि ट्राम पुरवणारी कंपनी उभी राहिली. 1915 साली टाटांच्या खोपोलीच्या केंद्रातून पाण्यावरची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. गावोगावी खांब उभे राहायला मात्र 1960 नंतरची वर्षं उजाडावी लागली. विजेबरोबर गावात माळही आली. दिवाळीला ती अंगणात लागली, गणपतीला मखरात, उरुसाला दर्ग्यावर. माळेला धर्म नसतो, आणि शॉकलाही नसतो.

पणती आणि माळ यांत एक मोठा फरक आहे. पणतीकडे झेपावणारं मूल चटका बसण्याआधी ऊब ओळखतं, हात मागं घेतं. वीज अशी आगाऊ सूचना देत नाही. म्हणून घरातल्या विजेचा इतिहास हा एका अर्थी ही सूचना देणारी साधनं शोधण्याचा इतिहास आहे.

1985च्या नोव्हेंबरात दिवाळी झाली आणि पाठोपाठ ईद-ए-मिलाद आली. भाऊबीज उरकल्यावर शेजारच्या काकूंनी दरवर्षीसारखी त्यांची माळ आमच्याकडं दिली. देताना म्हणाल्या, "जपून रे, त्यातला एक बल्ब दमलाय." अम्मीनं नुकतंच अंगण धुतलं होतं. मी अनवाणी, कपडे वाळत घालायच्या तारेवर माळ टाकलेली. पेटत नव्हती, म्हणजे तिच्यात वीज नाही, असा माझा हिशेब. पिन न काढताच मी एक बल्ब उपसला आणि होल्डरमध्ये बोट घातलं. पुढचं आठवत नाही. शुद्धीवर आलो तेव्हा मी भिंतीपाशी पडलेला होतो आणि अम्मी माझं डोकं मांडीवर घेऊन रडत होती.

काकूंचे यजमान वायरमन. ते धावत आले, आधी मेन स्विच बंद केला आणि मग माझ्यापाशी बसून म्हणाले, "बाळा, दिवा विझला म्हणजे वीज गेली असं नसतं. उलट जिथं माळ तुटते तिथं ती सगळीच्या सगळी दबा धरून बसते."

हे वाक्य मला पुढं नीट उमगलं. त्या माळेत 6 व्होल्टचे 38 बल्ब एकापाठोपाठ जोडलेले. घरातले 230 व्होल्ट ते आपसांत वाटून घेत. एक गेला की प्रवाह थांबतो, सगळे विझतात. पण दाब तिथंच उभा असतो, आणि मधल्या मोकळ्या जागेत बोट घालणारा अडतिसावा बल्ब होतो. काहीजण गेलेला बल्ब कापून तारा जोडून टाकतात. मग त्याचा वाटा उरलेल्यांवर पडतो आणि ते जास्त तापतात.

काकांनी त्या दिवशी आमचा फ्यूजही उघडला. तो सणासुदीला सारखा उडायचा म्हणून अब्बांनी त्यात जाड तांब्याची तार घातली होती. काका रागावले नाहीत. योग्य तार घालत म्हणाले, "भाई, या जाड तारेनं घर जळालं असतं. पण बारीक तारेनंही पोरगं वाचलं नसतं."

खरंच होतं ते. एडिसनच्या काळापासून चालत आलेला फ्यूज तारा तापून आग लागू नये म्हणून असतो. तो वितळायला 5 अँपिअरहून जास्त प्रवाह लागतो. माणसाचं हृदय बंद पडायला त्याच्या शंभराव्या भागाइतकाही पुरतो. तीन पिनांच्या प्लगमधली वरची जाड, लांब पिन अर्थिंगची. ती सगळ्यांत आधी आत जाते आणि सगळ्यांत शेवटी सुटते, म्हणजे इस्त्रीच्या पत्र्यात वीज उतरली तर तिला जमिनीची वाट मिळते. दोन तारांच्या माळेला ती सोयही नाही.

माणूस वाचवायचा तर वेगळी युक्ती हवी होती. अमेरिकेत बर्कलेच्या विद्यापीठात चार्ल्स डॅल्झिएल या प्राध्यापकानं स्वेच्छेनं पुढं आलेल्या लोकांवर प्रयोग करून, किती प्रवाहानंतर मूठ सुटत नाही हे मोजलं. पुरुषांच्या बाबतीत सरासरी 16 मिलिअँपिअर. आपण "विजेला चिकटला" म्हणतो, ते हेच: स्नायू आवळतात, हात उघडत नाही. माझं नुसतं बोट लागलं होतं. तार मुठीत असती तर आज हे बोललो नसतो. 1961 साली डॅल्झिएलनं वीज गळताच पुरवठा तोडणारं साधन तयार केलं. त्याचं तत्त्व किराणा दुकानाच्या वहीसारखं आहे. जितकी वीज गेली तितकी परत यायला हवी. जमाखर्च जुळला नाही तर ती वाटेत कुणाच्या तरी अंगातून जमिनीत जाते आहे, असं समजून निमिषात तोडायचं. आपल्या घरांत बसवतात ते साधन 30 मिलिअँपिअरचा फरक पडला की तुटतं. अर्थात दोन्ही तारा दोन हातांत धरल्या तर त्यालाही तो माणूस बल्बच वाटतो, हे विसरू नये.

आता माळा एलईडीच्या आहेत, तापत नाहीत. पण कित्येक माळा अजून थेट 230 व्होल्टवरच चालतात. स्वस्त माळेची वायर केसासारखी बारीक, तिचे जोड चिकटपट्टीनं गुंडाळलेले. एकाच बोर्डात तीन-तीन पिना, पिन नसेल तर काड्यापेटीच्या काड्यांनी दाबलेल्या उघड्या तारा. चाळीस वर्षांत दिवे बदलले, आपली घाई तीच राहिली.

काका आता नाहीत. दरवर्षी सणाच्या सकाळी मी बोर्डावरच्या त्या साधनाचं चाचणीचं बटण दाबतो. खट् आवाज होतो, घरभर अंधार पडतो, आतून कुणीतरी ओरडतं. तो अंधार पडला की मला बरं वाटतं. मग खटका वर करतो आणि मुलांना सांगतो: माळ पेटो न पेटो, हात लावायच्या आधी पिन काढा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)