पैसे कोणी घातले?

28 डिसेंबर 1976. मँचेस्टर. नाताळ होऊन तीन दिवस झालेत आणि तुम्ही इंडिगो नावाच्या स्टुडिओत, कोणाच्या पायात येणार नाही अशा बेताने एका कोपऱ्यात उभे आहात. खिशातल्या फोनला हात लावू नका, इथे त्याचा काही उपयोग नाही. समोर बझकॉक्स नावाचा बँड आहे. गाणारा हॉवर्ड डिव्होटो आणि गिटारवरचा पीट शेली, दोघे बोल्टनच्या कॉलेजातले. बेसवर स्टीव्ह डिगल. ड्रमवरचा जॉन माहर तर सोळा वर्षांचा आहे. यंत्रांपाशी बसलेला मार्टिन हॅनेट स्वतःला मार्टिन झीरो म्हणवून घेतो.

तीन तासांत चार गाणी आणि मिक्सिंगला दोन तास. बस्स. ‘बोअरडम’ गाण्यात गिटारचा एकल तुकडा येतो तेव्हा तुम्हाला वाटतं, काहीतरी अडकलं. दोनच सूर. परत तेच दोन. पुन्हा तेच. अडकलेलं काही नाही, ही थट्टा आहे. दहा-दहा मिनिटं गिटार पिळणाऱ्या त्या काळच्या उस्तादांची थट्टा. तुम्ही हसता, आणि मग लक्षात येतं की तुकडा फार चांगला आहे.

आता गाण्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट विचारा: हा खर्च कोणाचा? पाचशे पौंड, मित्रांकडून आणि शेलीच्या वडिलांकडून उसने घेतलेले. रेकॉर्ड काढायची तर लंडनला जायचं, मोठ्या कंपनीतल्या साहेबाला गाठायचं, त्याच्या करारावर सही करायची, अशी आजवरची रीत. छोट्या कंपन्या नव्हत्या असं नाही. चिझिक आणि स्टिफ लंडनमध्ये नुकत्याच उभ्या राहिल्या होत्या. पण कुणाच्या दारात न जाता, लंडनबाहेर बसून, बँडनेच उसनवारीवर आपली रेकॉर्ड काढावी, हे अजून कोणाच्या डोक्यात बसलेलं नाही.

एक महिना पुढे सरका. 29 जानेवारी 1977. ‘स्पायरल स्क्रॅच’ बाहेर पडते, न्यू हॉर्मोन्स या त्यांच्याच लेबलवर. एक हजार प्रती. कव्हरवरचा फोटो मॅनेजर रिचर्ड बून यानं पोलरॉइडवर काढलाय, शहरातल्या एका पुतळ्याच्या पायऱ्यांवर. कव्हर उलटं करा. कुठलं गाणं कितव्या टेकचं, वरून काही भरलंय की नाही, सगळं छापलेलं. हॉटेलवाल्याने गिऱ्हाइकाला मुदपाकखान्यात नेऊन मसाल्याचे डबे उघडून दाखवावेत, तसं. ते वाचून हजारो पोरांना कळलं की हे आपल्यालाही जमेल. हजार प्रती हातोहात संपल्या, पुढे आकडा सोळा हजारांवर गेला. आणि डिव्होटो? त्याने रेकॉर्ड आल्या आल्या बँड सोडला.

याच महिन्यात ईएमआय कंपनी सेक्स पिस्टल्स या पंक बँडला गोंधळी पोरं म्हणून बाहेर काढते आहे. ही ईएमआय तुम्हाला अनोळखी नाही. ग्रामोफोनपुढे कान टवकारून बसलेल्या कुत्र्याची ती ‘एचएमव्ही’, घरात आजोबांच्या पेटीत सापडणारी, तिचंच हे माहेर. ईएमआय हे नाव लक्षात ठेवा, ती पुन्हा भेटेल.

आता लंडन, 1978. नॉटिंग हिलच्या भागात, 202 केन्सिंग्टन पार्क रोड. रफ ट्रेड. जेफ ट्रॅव्हिसने दोन वर्षांपूर्वी उघडलेलं हे रेकॉर्डचं दुकान. दारातच जमैकाहून आलेल्या रेगेचा बेस पोटात घुमतो. आजूबाजूला कॅरिबियन वस्ती आहे, त्यामुळे इथे रेगे आणि पंक एकाच फळीवर. इथे काम करणाऱ्या सगळ्यांना पगार सारखा. एका बाजूला पोरांनी स्वतः टाइप करून, झेरॉक्स काढून, पिना मारलेल्या मासिकांचा ढीग. साठच्या दशकात मुंबईत अशोक शहाणे, राजा ढाले यांच्या पिढीची सायक्लोस्टाइल अनियतकालिकं ज्यांनी हाताळली आहेत, त्यांना हा कागद पाहताक्षणी कळेल.

गल्ल्यापाशी जरा थांबा. एक तरुण पिशवीतून नमुन्याची तबकडी काढतो आहे. हा डॅनियल मिलर, पोटासाठी फिल्म एडिटिंग करणारा. सिंथेसायझर घेऊन घरीच दोन गाणी केली आणि पाचशे प्रती काढायच्या बेतात आहे. दुकानातली मंडळी ऐकतात आणि म्हणतात, पाचशेने काय होणार, दोन हजार काढ. तबकडीवर त्याने घरचा पत्ता छापला, तर लोकांनी त्याच पत्त्यावर आपापल्या टेप पाठवायला सुरुवात केली. त्यातून म्यूट ही कंपनी झाली. ठरवून झाली असं म्हणवत नाही.

फळीवरून स्क्रिटी पोलिटीची ‘स्कँक ब्लॉक बोलोन्या’ उचला. झेरॉक्सचं कव्हर, आणि त्यावर चक्क हिशेब. रेकॉर्डिंगला किती, प्रेसिंगला किती, लेबलं छापायला किती. माझ्या मते इंडीचा, म्हणजे इंडिपेंडंट, स्वतंत्र संगीताचा, जाहीरनामा हाच. त्या काळात लिहिलेल्या लांबलचक क्रांतिकारी लेखांपेक्षा हे बिल जास्त क्रांतिकारी आहे, कारण लेख वाचून कोणी रेकॉर्ड काढली नाही, बिल वाचून काढली. रफ ट्रेडही आता स्वतः लेबल झालं आहे. करार सोपा: खर्च वजा जाता नफा अर्धा तुमचा, अर्धा आमचा. पुढे या दुकानाने देशभरातल्या तसल्याच दुकानांना जोडून ‘कार्टेल’ नावाची वितरणाची साखळी उभी केली. गाणं बनवणं कधीच फार अवघड नव्हतं हो, ते गावोगावच्या फळीपर्यंत पोहोचवणं अवघड होतं.

म्हणूनच जानेवारी 1980 मध्ये इंग्लंडात इंडीची वेगळी लोकप्रियता यादी सुरू झाली, तेव्हा तिची अट संगीताची नव्हतीच. गिटार हवी की नको, आवाज रडका की रांगडा, कपडे कसे, काही नाही. एकच प्रश्न: माल मोठ्या कंपन्यांच्या गाड्यांतून गेला की बाहेरच्या? बाहेरच्या असेल तर तुम्ही इंडी.

कपडे मागाहून आले, आणि गंमत म्हणजे तेही आधी हिशेबातूनच आले. ग्लासगोत 1980 साली डोकवा. वेस्ट प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या एका भाड्याच्या घरातून अॅलन हॉर्न ‘पोस्टकार्ड’ लेबल चालवतोय. त्याचा लाडका बँड ऑरेंज ज्यूस. एडविन कॉलिन्सच्या कपाळावर शाळकरी झुलपं, अंगात चौकड्यांचा जुनाट शर्ट. बाकीचे रॉकवाले चामडी जाकीट घालून मर्दानगी मिरवताहेत आणि हा पठ्ठ्या मावशीने शिवून दिल्यासारख्या वेशात, मिश्कील चेहऱ्याने प्रेमभंगाची गाणी म्हणतोय. धर्मादाय दुकानात मिळणारे कोणा अनोळखी म्हाताऱ्याचे स्वेटर आणि कोट बेकारीच्या काळातल्या पोरांना परवडणारे होते. नाइलाज झाला की तो ऐटीत मिरवायचा, हे तरुणांना कुठल्याही देशात शिकवावं लागत नाही.

ऑक्सफर्डमधल्या एका क्लबात या. दोन मुली एकमेकींना ओळखत नाहीत. दोघींच्या छातीवर एकच बिल्ला: द पेस्टल्स, ग्लासगोचा एक छोटा बँड. तेवढ्यावर ओळख होते आणि ‘टलूला गॉश’ हा बँड जन्माला येतो. अनोरॅक म्हणजे टोपीवालं जाकीट, ठिपक्याठिपक्यांचे फ्रॉक, केसांत लहान मुलींच्या क्लिपा. समीक्षक नाकं मुरडतात, बालिश म्हणतात. त्यातली एलिझाबेथ प्राइस 2012 मध्ये कलेतलं टर्नर पारितोषिक मिळवते. आणि दुसरी, अमेलिया फ्लेचर, अर्थतज्ज्ञ होते, बाजारात निकोप स्पर्धा राहावी हे पाहणाऱ्या ब्रिटिश सरकारी कार्यालयाची मुख्य अर्थतज्ज्ञ. केसांत क्लिपा लावून जे गायलं, तेच तिने पुढे सरकारी टिपणांत लिहिलं असेल, अशी मला दाट शंका आहे.

1986 साली ‘एनएमई’ साप्ताहिकाने बावीस बँडांची ‘सी86’ ही कॅसेट काढली आणि इंडी म्हटलं की किणकिणती गिटार, लाजरा आवाज आणि अनोरॅक, हे लोकांच्या मनात पक्कं झालं. गाडी कोणाची हा प्रश्न मागे पडला, केस कसे हा पुढे आला. नंतरचा प्रवास झरझर करू. 1988: इंडी यादीत अव्वल कोण, तर कायली मिनोग! चकचकीत, कारखान्यातून काढल्यासारखं पॉप. पण तिची पीडब्ल्यूएल कंपनी स्वतंत्र, माल बाहेरच्या गाड्यांतून, म्हणजे नियमाने ती अस्सल इंडी. अनोरॅकवाले चिडले, पण नियमात चूक काढता येईना. 14 ऑगस्ट 1995: ब्लर आणि ओएसिस हे दोन बँड एकाच दिवशी गाणं काढतात, बातम्यांत त्याचीच चर्चा, आठवड्याअखेर ब्लर 2,74,000 प्रती आणि ओएसिस 2,16,000. इंडीचा महासंग्राम म्हणे! ब्लरमागे ईएमआय. ओएसिसच्या क्रिएशन लेबलचा निम्मा मालक सोनी.

शेवटचा मुक्काम, फेब्रुवारी 1998. रेडिओवर इंग्लंडचं पहिल्या क्रमांकाचं गाणं लागलंय, ‘ब्रिमफुल ऑफ आशा’. ऐकलंत? आशा म्हणजे आपल्या आशा भोसले, 1933 साली सांगलीत जन्मलेल्या. गाणारा तजिंदर सिंग, वुल्वरहॅम्प्टनचा पंजाबी, बँड कॉर्नरशॉप. हे नावही टोमणाच आहे, आशियाई माणूस म्हणजे कोपऱ्यावरचा वाणी असं समजणाऱ्यांना मारलेला. 1992 मध्ये ब्रिटिश झेंडा मिरवणाऱ्या मॉरिसीचं पोस्टर यांनी जाळलं. मॉरिसी हा द स्मिथ्स या बँडचा गायक, म्हणजे एकेकाळी रफ ट्रेडचा पोस्टरबॉय. जाळलं कुठे? ईएमआयच्या कचेरीसमोर.

कॉर्नरशॉपचं लेबल विजा, रोमन लिपीत वाचाल तर डब्ल्यू, तीन आय, जे, ए. रफ ट्रेडचं दुकान पुढे टॉलबट रोडवर गेलं, तिथल्या पिनकोडातून हे नाव आलं. मूळ गाणं 1997 मध्ये साठाव्या क्रमांकापर्यंत पोहोचून विरलं. रेडिओवरच्या जॉन पीलच्या श्रोत्यांनी मात्र त्याला वर्षातलं सर्वोत्तम ठरवलं. मग नॉर्मन कुक या डीजेने त्याचा वेग वाढवला आणि ते शिखरावर गेलं.

गाण्यात स्तुती आहे ती मिनिटाला 45 फेऱ्यांच्या छोट्या तबकडीची आणि पार्श्वगायिकांची. आशाबाईंच्या तसल्या कित्येक तबकड्यांवर तो एचएमव्हीचा कुत्राच होता. म्हणजे इंडी दुकानातून निघालेल्या या पोरांनी डोक्यावर घेतलेला आवाज ईएमआयच्या घरातला. यात विसंगती काढणाऱ्यांनी खुशाल काढावी. मला त्यात काही खटकत नाही. चांगलं गाणं कोणाच्याही पैशाने होतं. इंडी असणं ही गुणवत्तेची पावती कधीच नव्हती, ती फक्त खर्चाची आणि मालकीची पावती होती. आणि नेमकी तीच आज कोणी मागत नाही, कारण फाटकी जीन्स, जाड चष्मा आणि उदास गिटार एवढ्यावर आपलं समाधान होतं.

तर आता परत या, आणि फोन काढा. तुमच्या आवडत्या ‘इंडी’ गायकाचा अल्बम उघडा, गाण्यांच्या यादीखाली अगदी तळाशी जा. वर्तुळातल्या पी या अक्षरापुढे बारीक अक्षरांत एक नाव असतं. ते रेकॉर्डिंग कोणाच्या मालकीचं, हे तिथे लिहिलेलं असतं. ते वाचा, आणि मग ठरवा इंडी म्हणायचं की नाही.