हृदयदुरुस्तीचे दावे आणि त्यांची पडताळणी : पुनर्जनन वैद्यकाच्या इतिहासाचे एक अवलोकन

प्रस्तावना

त्वचेची जखम भरून येते, मोडलेले हाड सांधते, यकृताचा काही भाग काढला तरी उरलेला भाग वाढून जवळजवळ मूळ आकारमान गाठतो. हृदयाची गोष्ट निराळी आहे. हृदयविकाराच्या झटक्यात रक्तपुरवठा तुटून स्नायूचा जो भाग मरतो, त्या जागी नवा स्नायू येत नाही, व्रण तयार होतो. हा व्रण हृदयाची भिंत सांधतो, परंतु त्याला आकुंचन पावता येत नाही. उरलेल्या स्नायूवर अधिक भार पडतो आणि कालांतराने अनेक रुग्णांचे हृदय अकार्यक्षम होत जाते. ही उणीव भरून काढण्याच्या आकांक्षेतून हृदय व रक्तवाहिन्यांचे पुनर्जनन वैद्यक ही शाखा उदयास आली.

या शाखेच्या इतिहासात दोन प्रवाह दिसतात. एक हृदयाच्या स्नायूचा, तर दुसरा रक्तवाहिन्यांचा. पहिल्यात मोठे दावे वेगाने पुढे आले व त्यांतील अनेक टिकले नाहीत. दुसरा मंदगतीने चालला, पण रुग्णालयापर्यंत पोहोचला. या फरकाचे एक महत्त्वाचे कारण पडताळणीच्या पद्धतीत सापडते, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

कॅरेल यांचा दुहेरी वारसा

दोन्ही प्रवाहांच्या उगमाशी एकच नाव आढळते, ते म्हणजे फ्रेंच शल्यविशारद अलेक्सिस कॅरेल यांचे. बारीक सुई व रेशमी धाग्याने रक्तवाहिन्यांची टोके एकमेकांना जोडण्याची पद्धत त्यांनी विकसित केली आणि १९१२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ही पद्धत इतर शल्यविशारदांनी शिकली, वापरली व सुधारली. जोडलेली वाहिनी गळते की नाही, हे कोणालाही पाहता येत होते.

त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत कॅरेल यांनी कोंबडीच्या गर्भातील हृदयाच्या तुकड्यापासून पेशींचे संवर्धन सुरू केले. पुढे अल्बर्ट एबेलिंग यांनी ते सांभाळले आणि १९४६ पर्यंत, म्हणजे कॅरेल यांच्या निधनानंतरही दोन वर्षे, ते चालू राहिले. वृत्तपत्रांनी त्याला 'अमर हृदय' म्हणून प्रसिद्धी दिली. वस्तुतः त्यातील स्पंदन लवकरच थांबले होते व उरल्या होत्या त्या संयोजी ऊतीच्या पेशी. तरीही शरीराबाहेर पेशी अनंत काळ विभाजित होऊ शकतात, हा सिद्धान्त रूढ झाला. ज्यांना हा प्रयोग साधला नाही, त्यांच्या अपयशाचा दोष त्यांच्या कौशल्याला दिला गेला. १९६१ मध्ये लिओनार्ड हेफ्लिक व पॉल मूरहेड यांनी सामान्य मानवी पेशी सुमारे ५० विभाजनांनंतर थांबतात, असे दाखवले, तेव्हा या सिद्धान्ताला तडा गेला. कॅरेल यांच्या संवर्धनाला पोषणासाठी जो गर्भाचा अर्क दिला जाई, त्यातून नव्या पेशी आत जात असाव्यात, असे अनुमान नंतर मांडले गेले.

एका प्रतिष्ठित प्रयोगशाळेचे निरीक्षण इतरांना साधत नसताही जवळपास अर्धशतक प्रमाण मानले गेले. हीच रचना पुढे पुन्हा दिसून येते.

२००१ चा दावा

एप्रिल २००१ मध्ये डोनाल्ड ऑर्लिक, पिएरो अन्व्हर्सा व सहकाऱ्यांचा निबंध 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. उंदरांच्या हृदयात कृत्रिमरीत्या इजा करून त्यांनी तेथे अस्थिमज्जेतील विशिष्ट मूलपेशी टोचल्या होत्या. ९ दिवसांत इजा झालेल्या भागापैकी ६८ टक्के भाग नव्या स्नायूने व्यापला, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. रक्त घडवणाऱ्या पेशी हृदयाचा स्नायूही घडवू शकतात, असा त्याचा अर्थ होता.

रुग्णांवरील वापर प्राण्यांवरील पडताळणीसाठी थांबला नाही. जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे श्ट्राऊअर यांच्या गटाने २००१ मध्येच झटका आलेल्या रुग्णाच्या अस्थिमज्जेतील पेशी काढून त्या त्याच्याच हृदयधमनीत सोडल्या. रुग्णाच्याच पेशी असल्याने शरीराने त्या नाकारण्याचा प्रश्न नव्हता, शिवाय भ्रूणपेशींविषयीचा नैतिक वादही टळत होता. या सोयीमुळे ही पद्धत झपाट्याने पसरली.

२००४ मध्ये दोन स्वतंत्र अमेरिकी गटांनी हा प्रयोग पुन्हा करून पाहिला आणि त्यांचे निष्कर्ष 'नेचर'मध्येच आले. सिअ‍ॅटल येथील चार्ल्स मरी यांच्या गटाने पेशींना जनुकीय खूण केली होती, त्यामुळे स्नायूत रूपांतर झालेली पेशी चटकन ओळखता आली असती. १४५ प्रत्यारोपणांनंतरही असे रूपांतर आढळले नाही. स्टॅनफर्ड येथील गटालाही या पेशी रक्ताच्याच पेशी राहिल्याचे दिसले. मतभेदाचे मूळ पद्धतीत होते. रंगद्रव्याने चमकणाऱ्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली ओळखताना हृदयस्नायूची स्वतःची नैसर्गिक चमक फसवी ठरू शकते. जनुकीय खुणेत ही संदिग्धता बरीच कमी असते.

रुग्णांवरील चाचण्या

सप्टेंबर २००६ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'च्या एकाच अंकात दोन चाचण्यांचे निष्कर्ष आले. २०४ रुग्णांच्या जर्मन-स्विस चाचणीत हृदयाच्या रक्तक्षेपणाचे प्रमाण ५.५ अंकांनी वाढले, तर तुलनेसाठीच्या गटात ते ३ अंकांनी वाढले. नॉर्वेतील १०० रुग्णांच्या चाचणीत मात्र लाभ दिसला नाही.

या विसंगतीचे एक उत्तर २०१४ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मधील अभ्यासाने दिले. संशोधकांनी ४९ चाचण्यांचे अहवाल तपासून त्यांतील अंतर्गत विसंगती मोजल्या. कुठे रुग्णसंख्या जुळत नव्हती, कुठे टक्केवारी गणिताने शक्यच नव्हती. अशा ६०० हून अधिक विसंगती निघाल्या. ज्या चाचण्यांत एकही विसंगती नव्हती, त्यांत सरासरी लाभ शून्याच्या आसपास होता, तर ३० हून अधिक विसंगती असलेल्या चाचण्यांत तो ७.७ अंक होता. युरोपातील एका मोठ्या चाचणीने मृत्युदरावरील परिणाम तपासण्यासाठी ३००० रुग्णांचे उद्दिष्ट ठेवले होते. २०२० मध्ये निष्कर्ष आले तेव्हा केवळ ३७५ रुग्ण सहभागी झालेले होते व ठाम अनुमान काढणे शक्य झाले नाही.

हृदयातील मूलपेशींचा प्रश्न

दरम्यान अन्व्हर्सा यांच्या गटाने २००३ मध्ये दुसरा दावा केला होता. प्रौढ हृदयातच मूलपेशी असतात व त्या स्नायू घडवतात, असा तो दावा होता. २००९ मध्ये स्वीडनमधील बर्गमन व फ्रिसेन यांच्या गटाने या प्रश्नाकडे वेगळ्या मार्गाने पाहिले. अणुचाचण्यांमुळे १९६३ पर्यंत वातावरणातील कार्बन-१४ वाढला होता व पुढे तो घटत गेला. पेशीच्या डीएनएतील त्याच्या प्रमाणावरून पेशी केव्हा जन्मली, हे काढता येते. या पद्धतीनुसार वयाच्या २५ व्या वर्षी हृदयस्नायूच्या सुमारे १ टक्का पेशी दरवर्षी नव्याने निर्माण होतात आणि ७५ व्या वर्षी हे प्रमाण ०.४५ टक्क्यांपर्यंत उतरते. नूतनीकरण होते, पण संपूर्ण आयुष्यात निम्म्याहून कमी पेशी बदलतात. झटक्याचे नुकसान भरून काढण्यास ते पुरेसे नाही.

याच कार्बन पद्धतीच्या आधारे अधिक वेगवान नूतनीकरणाचा दावा करणारा अन्व्हर्सा यांच्या गटाचा निबंध २०१२ मध्ये 'सर्क्युलेशन'मध्ये आला आणि २०१४ मध्ये मागे घेतला गेला. २०१८ मध्ये हार्वर्ड वैद्यकीय महाविद्यालय व ब्रिगहॅम रुग्णालय यांनी या प्रयोगशाळेच्या ३१ निबंधांत खोटी वा बनावट माहिती असल्याचे सांगून ते मागे घेण्याची शिफारस केली. त्याच महिन्यात अमेरिकी शासनाच्या आर्थिक साहाय्याने चाललेली एक रुग्णचाचणी तपासणीसाठी थांबवण्यात आली. २०११ मध्ये 'लॅन्सेट'ने प्रसिद्ध केलेला रुग्णचाचणीचा अहवाल २०१९ मध्ये मागे घेतला गेला. त्या चाचणीत बायपास शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णांच्या हृदयाचा तुकडा घेऊन त्यातील पेशी वाढवल्या व त्यांनाच परत दिल्या होत्या. निबंध मागे घेता येतो, परंतु रुग्णांनी दिलेली संमती व सोसलेली प्रक्रिया मागे घेता येत नाही.

पेशी टोचल्यावर प्राण्यांत दिसणाऱ्या अल्प लाभाचे मग कारण काय? सिनसिनाटी येथील मोल्केंटिन यांच्या गटाने दाखवले की मृत पेशी टोचल्या तरी उंदरांत तसाच लाभ होतो, कारण तो टोचण्याने जागृत झालेल्या प्रतिकारयंत्रणेतून येतो.

रक्तवाहिनीचा मार्ग

रक्तवाहिन्यांच्या प्रवाहाची गती याहून निराळी होती. १९८६ मध्ये वाइनबर्ग व बेल यांनी पेशी व कोलॅजेन यांपासून रक्तवाहिनीची प्रतिकृती घडवली. तिला रक्तदाब सोसण्यासाठी कृत्रिम जाळीचा आधार लागतो, हेही त्यांनी नोंदवले. १९९९ मध्ये लॉरा निक्लासन व सहकाऱ्यांनी हृदयाच्या ठोक्यांप्रमाणे दाब देणाऱ्या उपकरणात काही आठवडे वाढवलेल्या धमन्या डुकरांत बसवल्या. पुढे मानवी पेशींकडून नळी घडवून घेऊन नंतर त्या पेशी धुऊन काढण्याची पद्धत विकसित झाली. पेशी उरत नसल्याने ती कोणत्याही रुग्णाला वापरता येते आणि शरीर तिच्यात स्वतःच्या पेशी भरते. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने हात-पायांच्या धमन्यांना गंभीर इजा झालेल्या प्रौढांसाठी, स्वतःची शीर वापरणे शक्य नसताना, अशा वाहिनीला मान्यता दिली. मान्यतेबरोबरच वाहिनी फुटण्याच्या धोक्याची ठळक सूचनाही देणे बंधनकारक झाले.

निष्कर्ष

रक्तवाहिनी किती दाब सोसते, गळते का, तुंबते का, याचे उत्तर कोणतीही प्रयोगशाळा मोजून देऊ शकते. तेथे प्रत्येक टप्प्यावरील अपयशही नोंदले गेले व पुढच्या टप्प्याला उपयोगी पडले. हृदयस्नायूच्या बाबतीत पुरावा बराच काळ प्रतिमांच्या अर्थावर अवलंबून राहिला आणि इतरांचे नकारात्मक निष्कर्ष कौशल्याचा अभाव मानून बाजूला सारले गेले. कॅरेल यांच्या काळातही हेच घडले होते.

वरील सर्व निबंध नामांकित व समीक्षित नियतकालिकांतून आले होते, ही बाब अध्यापकवर्गाने विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. समीक्षक मांडणी तपासतो, प्रयोग पुन्हा करत नाही. त्यामुळे प्रकाशन हा पडताळणीचा आरंभ ठरतो. भारतातही २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्तविकारादी मान्य उपचार वगळता मूलपेशींचा रुग्णांवरील वापर केवळ मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो. या नियमामागील कारण समजून घ्यावयाचे असेल, तर २००१ नंतरचा हा इतिहास विद्यार्थ्यांपुढे ठेवला पाहिजे. हृदय दुरुस्त करण्याचे ध्येय त्याने चुकीचे ठरत नाही. मात्र ते गाठण्यासाठी पहिल्या यशापेक्षा दुसऱ्याच्या हातून आलेले तेच यश अधिक मोलाचे आहे, एवढे त्यातून निश्चित होते.