जुनी मोटार भंगारात देताना : रोख रक्कम, मोफत वाहतूक आणि नोंदणीचा प्रश्न

वापरात नसलेली मोटार कोणत्याही स्थितीत विकत घेऊ, जागेवर रोख पैसे देऊ आणि वाहन घरून विनामूल्य उचलून नेऊ, अशा आशयाच्या जाहिराती आता देशातील बहुतेक मोठ्या शहरांत दिसतात. वर्षानुवर्षे आवारात उभ्या असलेल्या मोटारीमुळे जागा अडते, शेजाऱ्यांच्या तक्रारी येतात आणि दुरुस्तीचा खर्च वाहनाच्या किमतीपेक्षा अधिक होतो. अशा वेळी आलेले गिऱ्हाईक परत पाठवणे मालकाला जड जाते. क्रेनला लावून मोटार निघून जाते, हातात काही हजार रुपये येतात आणि विषय संपला असे वाटते.

कायद्याच्या दृष्टीने मात्र तो विषय तेथे संपत नाही. मोटार प्रत्यक्षात कोणाच्या ताब्यात आहे, यापेक्षा ती परिवहन कार्यालयाच्या दप्तरी कोणाच्या नावावर आहे, याला अधिक महत्त्व आहे. नोंदणी रद्द होईपर्यंत किंवा दुसऱ्याच्या नावावर जाईपर्यंत ज्याच्या नावाने नोंद असेल, तोच मालक मानला जातो.

मालक कोण?

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील व्याख्येनुसार वाहन ज्याच्या नावाने नोंदलेले असेल, ती व्यक्ती मालक होय. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये दिलेल्या एका निर्णयात हा मुद्दा स्पष्ट केला. त्या प्रकरणातील मोटार मूळ मालकाने विकली होती आणि नंतर ती एकाकडून दुसऱ्याकडे अशी अनेकांच्या हातांतून गेली होती. परंतु नोंदणी कोणीही बदलून घेतली नव्हती. पुढे अपघात झाला तेव्हा भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच येते, असे न्यायालयाने ठरविले.

१० नोव्हेंबर २०२५ रोजी दिल्लीत लाल किल्ल्याजवळ स्फोट झालेली मोटारही अनेक हातांतून गेलेली होती. तपास यंत्रणा वाहन क्रमांकावरून प्रथम जुन्या मालकापर्यंतच पोहोचल्या. असे प्रसंग विरळा असले, तरी वाहन दिल्याचा लेखी पुरावा जवळ असणे किती आवश्यक आहे, हे त्यांवरून ध्यानात यावे.

भंगारात गेलेल्या वाहनाचा आणखी एक गैरवापर पोलिस तपासांतून वारंवार उघड झाला आहे. मोडीत निघालेल्या किंवा अपघातात नष्ट झालेल्या मोटारीची कागदपत्रे आणि चेसिस क्रमांक जपून ठेवला जातो. नंतर त्याच बनावटीची चोरीची मोटार आणून तिच्यावर तो क्रमांक चढविला जातो. कागदोपत्री जुनी मोटार जिवंत राहते आणि चोरीचा माल उजळ माथ्याने रस्त्यावर धावतो. उत्तर प्रदेशातील मीरतचा सोतीगंज बाजार चोरीच्या वाहनांचे सुटे भाग विकण्यासाठी देशभर कुप्रसिद्ध होता. पोलिसांच्या कारवाईनंतर डिसेंबर २०२१ मध्ये तेथील दुकाने बंद झाली. दिल्लीतील मायापुरी, कोलकात्यातील मल्लिक बाजार, चेन्नईतील पुदुपेट आणि मुंबईतील कुर्ला येथेही जुन्या सुट्या भागांचा मोठा व्यापार आहे. त्यांतील बहुतांश व्यवहार प्रामाणिक असतात. मात्र आपल्या मोटारीचा चेसिस क्रमांक नष्ट झाला की नाही, हे दुकानदाराच्या तोंडी आश्वासनावरून कळू शकत नाही.

कायदेशीर मार्ग

वाहन नष्ट झाले असेल किंवा कायमचे वापरण्यायोग्य राहिले नसेल, तर मालकाने १४ दिवसांच्या आत अथवा शक्य तितक्या लवकर नोंदणी प्राधिकरणास कळवून नोंदणी प्रमाणपत्र परत करावे, असे अधिनियमाचे कलम ५५ सांगते. ही तरतूद जुनीच आहे. परंतु वाहन खरोखर मोडले गेले याची खात्री करणारी देशव्यापी व्यवस्था दीर्घकाळ नव्हती.

ती उणीव भरून काढण्यासाठी केंद्र सरकारने सप्टेंबर २०२१ मध्ये वाहन निष्कासन केंद्रांची नोंदणी आणि त्यांचे कार्य यासंबंधीचे नियम अधिसूचित केले. त्यांनुसार परवानगी मिळालेली नोंदणीकृत वाहन निष्कासन केंद्रे, म्हणजे वाहने शास्त्रीय पद्धतीने मोडीत काढणारी केंद्रे, विविध राज्यांत सुरू झाली. वाहन ज्या राज्यात नोंदलेले आहे, त्याच राज्यातील केंद्रात नेण्याचे बंधन नाही. पुण्यात नोंदलेली मोटार मालकाच्या बदलीमुळे भोपाळ, बंगळूर किंवा दिल्लीत असेल, तर ती तेथील नोंदणीकृत केंद्रातही देता येते. नोकरीनिमित्त परराज्यांत राहणाऱ्या कुटुंबांना ही मोठी सोय आहे.

अर्ज केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या संगणकीय प्रणालीवरून करावयाचा असतो. वाहनावर कर्जबोजा आहे काय, ते चोरीस गेल्याची नोंद आहे काय, त्याच्या विरोधात काही कारवाई प्रलंबित आहे काय, याची पडताळणी केंद्राने करावयाची असते. त्यानंतर दोन प्रमाणपत्रे महत्त्वाची ठरतात.

पहिले 'सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट', म्हणजे वाहन जमा केल्याचे प्रमाणपत्र. ते वाहन ताब्यात घेतल्यानंतर मालकाच्या नावे दिले जाते. नवीन वाहन घेताना मिळणाऱ्या सवलती याच प्रमाणपत्रावर अवलंबून असतात. ते संगणकीय पद्धतीने दुसऱ्यास विकताही येते. त्यामुळे नवीन वाहन घ्यावयाचे नसलेल्या मालकासही त्याचे मोल आहे. दुसरे 'सर्टिफिकेट ऑफ व्हेईकल स्क्रॅपिंग', म्हणजे वाहन प्रत्यक्षात मोडीत काढल्याचे प्रमाणपत्र. चेसिस क्रमांकाचा तुकडा कापून वेगळा जपून ठेवणेही केंद्रावर बंधनकारक आहे.

केंद्राकडून नोंद गेली, तरी आपल्या वाहनाची स्थिती 'नोंदणी रद्द' अशी दिसते की नाही, हे मालकाने परिवहन मंत्रालयाच्या 'वाहन' प्रणालीवर स्वतः पाहावे. ती नोंद दिसेपर्यंत व्यवहार अपुरा समजावा.

किंमत कशी ठरते?

चालू स्थितीतील मोटारीची किंमत तिचे वय, बनावट आणि देखभाल यांवर ठरते. भंगारातील मोटारीची किंमत मुख्यतः वजनावर ठरते. वाहनाचे रिकामे वजन नोंदणी प्रमाणपत्रावर दिलेले असते. मोटारीच्या वजनात साधारण दोन तृतीयांश वाटा लोखंड व पोलादाचा असतो. उरलेल्या भागात ॲल्युमिनियम, तांबे, प्लॅस्टिक, रबर आणि काच येते.

उदाहरणार्थ, मारुती ८०० या मोटारीचे वजन सुमारे ६५० किलो होते. त्यातील सुमारे ४३० किलो लोखंड धरले आणि भंगाराचा दर किलोमागे २५ रुपये मानला, तर केवळ लोखंडाचे १०,७५० रुपये होतात. हा दर केवळ हिशेब समजण्यासाठी घेतला आहे. प्रत्यक्ष दर पोलादाच्या बाजारभावानुसार बदलत असतो. या रकमेत बॅटरीतील शिसे, वायरींमधील तांबे, इंजिनातील ॲल्युमिनियम आणि चालू स्थितीतील टायर यांचे मूल्य मिळवावे लागते. धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम हे मौल्यवान धातू असतात. अनेक मालकांना याची कल्पना नसते आणि काही खरेदीदार त्याचा उल्लेखही करीत नाहीत.

केंद्र सरकारने मार्च २०२१ मध्ये धोरण मांडताना भंगार मूल्य नव्या वाहनाच्या शोरूम किमतीच्या सुमारे ४ ते ६ टक्के असावे, असे सूचित केले होते. मालकाने किमान दोन-तीन ठिकाणांहून लेखी दर मागवून तुलना करावी.

मोफत वाहतुकीबाबतही थोडा विचार आवश्यक आहे. क्रेन व चालकाचा खर्च कोणीतरी करतोच आणि बहुधा तो देऊ केलेल्या किमतीतून वजा झालेला असतो. म्हणून वाहतुकीसह हाती किती रक्कम येणार, एवढेच विचारावे. ठरलेला दर क्रेन दारात आल्यावर कमी केला जाण्याचा अनुभव अनेकांना येतो. वजन, दर आणि एकूण रक्कम आधीच लेखी घेतल्यास हा वाद टळतो. नोंदणीची मुदत संपलेली मोटार स्वतः चालवत नेऊ नये. तिच्यासाठी क्रेनचीच व्यवस्था करावी.

सवलती आणि वाढलेले शुल्क

ऑक्टोबर २०२१ मधील अधिसूचनेनुसार वाहन जमा केल्याचे प्रमाणपत्र सादर केल्यास नव्या खासगी वाहनाच्या मोटार वाहन करात २५ टक्क्यांपर्यंत आणि व्यावसायिक वाहनाच्या करात १५ टक्क्यांपर्यंत सवलत देता येते. ही तरतूद १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. प्रत्यक्ष दर राज्य सरकारे ठरवितात. त्यामुळे आपल्या राज्यातील दर परिवहन कार्यालयातून जाणून घ्यावा. नव्या वाहनाचे नोंदणी शुल्कही माफ होते. ऑगस्ट २०२४ मध्ये अनेक वाहन कंपन्यांनी अशा ग्राहकांना मर्यादित काळासाठी किमतीत सूट देण्याचे मान्य केले होते. नवी मोटार घेताना विक्रेत्याकडे अशा सुटीची चौकशी अवश्य करावी.

दुसऱ्या बाजूस जुने वाहन बाळगणे महाग झाले आहे. १५ वर्षांनंतर खासगी मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. ऑगस्ट २०२५ मधील दुरुस्तीनुसार २० वर्षांहून जुन्या मोटारीसाठी ते १०,००० रुपये करण्यात आले. महाराष्ट्रासह काही राज्यांत पर्यावरण करही भरावा लागतो.

तथापि, १५ वर्षे झाली म्हणून प्रत्येक खासगी मोटार भंगारात द्यावीच लागते, हा समज चुकीचा आहे. तपासणीत योग्य ठरलेल्या वाहनाच्या नोंदणीचे नूतनीकरण करता येते. मोटार सुस्थितीत असेल, तर घाईने भंगाराच्या भावात देण्याचे कारण नाही.

दिल्ली व राष्ट्रीय राजधानी परिसराची स्थिती वेगळी आहे. तेथे १० वर्षांहून जुन्या डिझेल आणि १५ वर्षांहून जुन्या पेट्रोल वाहनांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१४ व २०१५ मध्ये निर्बंध घातले. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ते कायम ठेवले. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने केवळ वयाच्या आधारे मालकांवर सक्तीची कारवाई न करण्याचा अंतरिम आदेश दिला. डिसेंबर २०२५ मध्ये हे संरक्षण भारत स्टेज-४ व त्यापुढील मानकांच्या वाहनांपुरते मर्यादित करण्यात आले. या परिसरातील मालकांनी निर्णयापूर्वी ताजे आदेश पाहावेत.

पर्यावरणाची बाजू

उघड्यावर मोटार मोडताना इंजिन तेल, ब्रेकचे द्रव आणि बॅटरीतील आम्ल जमिनीत मुरते. वातानुकूलन यंत्रणेतील वायू हवेत सोडला जातो. वायरींवरील आवरण जाळून तांबे काढले, तर विषारी धूर निघतो आणि त्याचा पहिला त्रास तेथे काम करणाऱ्या मजुरांना होतो. नोंदणीकृत केंद्रात द्रव व वायू आधी काढून मगच सांगाडा कापला जाणे अपेक्षित आहे. १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या पर्यावरणविषयक नियमांनुसार आयुर्मान संपलेले वाहन १८० दिवसांच्या आत नोंदणीकृत केंद्रात किंवा निर्धारित संकलन केंद्रात जमा करणे ही मालकाची जबाबदारी आहे.

वाहन देण्यापूर्वी

मोटार हाती सोपविण्यापूर्वी पुढील बाबी पूर्ण कराव्यात :

- कर्ज फिटले असल्यास बँकेचे ना हरकत प्रमाणपत्र घेऊन कर्जबोजा उतरवून घ्यावा.
- थकीत कर व दंडाची चलने तपासावीत.
- फास्टॅग बंद करावा आणि मोटारीतील खासगी कागदपत्रे काढून घ्यावीत.
- विमा कंपनीस कळवावे. दावा न केल्याबद्दलची सवलत मालकाची असते. ती नव्या वाहनास लावून घेता येते.
- मालक हयात नसल्यास मृत्यूचा दाखला आणि वारसाहक्काचे पुरावे तयार ठेवावेत.
- रक्कम शक्यतो बँक खात्यातच स्वीकारावी, म्हणजे व्यवहाराची नोंद राहते.
- कोऱ्या नमुना २९ व ३० वर सह्या करून देऊ नयेत. हे वाहन हस्तांतराचे अर्ज असून त्यांचा गैरवापर होऊ शकतो.

मोटार चालू स्थितीत असून जुन्या वाहनांच्या व्यापाऱ्यास द्यावयाची असेल, तर तो प्राधिकृत आहे का, हे पाहावे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार अशा व्यापाऱ्याकडे वाहन दिल्याची सूचना परिवहन कार्यालयास संगणकीय पद्धतीने देता येते. त्यानंतर वाहनाची जबाबदारी त्या व्यापाऱ्यावर येते. अन्य खरेदीदाराच्या बाबतीत राज्यांतर्गत विक्रीची माहिती विक्रेत्याने १४ दिवसांच्या आत कळविणे आवश्यक आहे.

यापूर्वीच मोटार भंगारवाल्यास देऊन टाकलेल्या मालकांनीही 'वाहन' प्रणालीवर तिची स्थिती तपासावी. नोंदणी अद्याप आपल्याच नावावर असल्यास उपलब्ध पावती व खरेदीदाराच्या तपशिलासह नोंदणी प्राधिकरणास लेखी कळवावे आणि अर्जाची पोच घ्यावी. वाहनाचा ठावठिकाणा लागत नसेल, तर तेही अर्जात स्पष्ट नमूद करावे. मोटारीचे मिळालेले पैसे काही दिवसांत खर्च होतात. नोंदणी रद्द झाल्याचा कागद मात्र मालकाने कायम जपून ठेवावा.