रस्तास्थिती माहिती : वऱ्हाड

रस्तास्थिती माहिती : रस्ता वाहतुकीला खुला आहे की बंद, पुलावर पाणी आहे का, काम कुठे चालू आहे आणि पर्यायी वाट कोणती, हे प्रवाशाला निघण्यापूर्वी किंवा वाटेत कळवण्याची व्यवस्था. तिची दोन अंगे आहेत : माहिती जमवणे आणि ती पोचवणे. अमरावती, अकोला आणि लगतच्या वऱ्हाडी जिल्ह्यांत पहिले अंग बऱ्यापैकी चालते, दुसरे लंगडे पडते. माहिती रस्त्याच्या मालकीप्रमाणे तुकड्यांत राहते आणि प्रवासी एका फेरीत अनेक मालकांचे रस्ते तुडवतो. म्हणून माहिती फाटा येण्यापूर्वी पोचली का, याच कसोटीवर ही व्यवस्था जोखली पाहिजे.

शेतमाल घेऊन निघालेली गाडी जिल्हा परिषदेच्या ग्रामीण रस्त्याने सुरुवात करते, सार्वजनिक बांधकाम विभागाच्या जिल्हा मार्गाला लागते, सुरत–नागपूर राष्ट्रीय महामार्ग ५३ वरून काही अंतर कापते आणि महापालिकेच्या हद्दीतील बाजार समितीत पोचते. समृद्धी महामार्गावर चढली तर महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाचे क्षेत्र सुरू होते. यातील प्रत्येक यंत्रणा आपापल्या रस्त्याची नोंद ठेवते. राष्ट्रीय महामार्गांवर लेसर आणि कॅमेरे बसवलेली सर्वेक्षण वाहने पृष्ठभागाचा खडबडीतपणा, तडे व खड्डे टिपतात. बांधकाम विभागात शाखा अभियंता आणि मैलकामगार पाहणी करतात. पावसाळ्यात पोलीस पाटील आणि तलाठी पुराची खबर तहसिलीत देतात, तेथून ती जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षात जाते. मात्र सर्वेक्षणाची नोंद दुरुस्तीचे अंदाजपत्रक आणि कंत्राटदाराची जबाबदारी ठरवण्यासाठी घेतलेली असते. ती वाटसरूच्या हाती जावी, अशी तिची रचनाच नसते.

वऱ्हाडात या उणिवेची किंमत जास्त मोजावी लागते, याचे कारण जमिनीत आहे. पूर्णेच्या खोऱ्यातील काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. या हालचालीने वरचा डांबरी थर उकलतो, म्हणून मृगाआधी धड दिसणारा रस्ता पोळ्यापर्यंत उखडलेला असू शकतो. मेळघाटच्या डोंगरात पडलेला पाऊस थोड्याच वेळात खालच्या नाल्यांना येतो आणि ठेंगणे पूल व रपटे पाण्याखाली जातात. रपट्याच्या कडेला खोली दाखवणारा काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा खांब असतो. दिवसा तो पाहून चालक थांबू शकतो. रात्री, गढूळ पाण्यात, तोच खांब दिसेनासा होतो, आणि तोवर गाडी उतारावर आलेली असते. स्थिती सुधारते तीही वेगाने. ३ ते ७ जून २०२२ या काळात महामार्ग ५३ च्या अमरावती–अकोला टप्प्यात, लोणी ते माना दरम्यान, ७५ किलोमीटर लांबीचा एकेरी डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि त्याची गिनेस विक्रमात नोंद झाली. पाच दिवसांत इतकी बदलणारी गोष्ट तारीख-वेळ न घालता सांगितली, तर ती माहिती उरत नाही.

अकोला–अकोट रस्त्यावरील गांधीग्रामचा पूल हे या बाबतीतले बोलके उदाहरण आहे. पूर्णेवरील हा ब्रिटिशकालीन पूल तडे गेल्याने ऑक्टोबर २०२२ मध्ये वाहतुकीस बंद झाला आणि दोन गावांमधला नेहमीचा रस्ता तुटला. त्याच वर्षी नोव्हेंबरात अकोट–अकोला रेल्वे सुरू झाल्याने प्रवाशांना आधार मिळाला, पण मालाच्या गाड्यांना फेऱ्याच्या वाटा धराव्या लागल्या. अशा वेळी बंदचा फलक पुलाजवळ लावला, तर तो गाडी फक्त अडवतो. तोच अकोटच्या आणि अकोल्याच्या बाहेर, वाट फुटते तिथे लावला, तर तो वाट दाखवतो. फलकाच्या भाषेलाही तितकेच महत्त्व आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११५ खाली निघणाऱ्या वाहतूकबंदीच्या आदेशात मार्गाचा क्रमांक आणि किलोमीटरचे आकडे येतात. लोक मात्र रस्ता गावाच्या नावाने ओळखतात. गावाचे नाव नसलेला आदेश छापून आला तरी ज्याला हवा त्याला कळत नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की मोबाइलवरचा नकाशा हे सारे दाखवतोच. तो नकाशा रस्त्यावरील फोनच्या वेगावरून कोंडी ताडतो. सुनसान रपट्यावर रात्री फोनच नसतात, त्यामुळे बुडालेला रस्ताही मोकळा दिसू शकतो. मेळघाटात अनेक ठिकाणी नेटवर्कच मिळत नाही. शिवाय गाड्या खोळंबल्या हे नकाशाला कळते. त्या का खोळंबल्या आणि पूल केव्हा खुला होणार, हे रस्त्याचा मालकच सांगू शकतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : सांगण्यावर खर्च करण्यापेक्षा खड्डे बुजवा. दुरुस्ती आधी हवी, यात वाद नाही. पण काळ्या मातीवरचे काम भर पावसात टिकत नाही आणि पूल पुन्हा उभारायला दीर्घ काळ लागतो. तोवर लोकांनी जायचे कसे, हा प्रश्न उरतोच. आणि ‘अमुक तारखेपर्यंत बंद’ असे जाहीर लिहिल्यावर काम करणाऱ्यावरही मुदतीचा दाब येतो. तिसरी अडचण अधिकाऱ्यांची : खात्री नसताना सांगितले आणि चुकले तर? त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक सूचनेवर पाहणीची वेळ आणि कळवणाऱ्या कार्यालयाचे नाव घालणे. वाचणारा मग तिचे वजन स्वतः ठरवतो.

यंत्रणा अनेक असल्या तरी दार एक असू शकते. अमेरिकेत २००० साली प्रवासी माहितीसाठी ५११ हा क्रमांक राखून ठेवला गेला आणि राज्याराज्यांच्या परिवहन विभागांनी तो अंगीकारला. आपल्याकडे राष्ट्रीय महामार्गासाठी १०३३ आणि जिल्हा आपत्ती कक्षासाठी १०७७ हे क्रमांक आहेत, पण रपट्यापाशी अडलेल्या चालकाला आपण कोणाच्या रस्त्यावर उभे आहोत हे आधी ठाऊक असावे लागते. हे दार उघडण्याची ताकद याच जिल्ह्यांत आहे. ऊर्ध्व वर्धासारख्या धरणाची दारे उघडायची झाली, की नदीकाठच्या गावांना आधी सावध केले जाते. ती खबर खात्यांच्या हद्दी ओलांडून जाते, कारण ती कोणी द्यायची हे ठरलेले असते. रस्त्यासाठीही तसेच ठरले, जिल्हा कक्षाने सर्व मालकांच्या नोंदी एकत्र करून गावांच्या नावांसह त्या एसटी आगार, पेट्रोलपंप, आकाशवाणी आणि फोनवर दिल्या, तर आज दप्तरात पडून राहणारी माहिती फाट्यावर उभी राहील. काळोखात रपट्याकडे निघालेल्या चालकाला ती तिथेच भेटली पाहिजे.